'कारण' लिहायला लावणाऱ्या अनुराधाताई

अनुराधाताईंची आणि माझी पहिली भेट वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाली. खाली लेथ मशीनचा कारखाना आणि वर आमची कंपनी, पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. खालच्या मशीनमुळे टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरत होता, आणि मी त्याच्याहून जास्त. मुलाखत घेणाऱ्या ताईंनी माझ्यासमोर एका प्रोग्रामचे दोन कागद ठेवले, एक बदलाआधीचा, एक नंतरचा. "काय बदललंय?" मी पटकन सांगितलं. "का बदललंय?" मी दोन्ही कागद पुन्हा चाळले. मग जरा चिडूनच म्हणाले, "ते यात कुठे लिहिलंय?" वाटलं, गेली नोकरी. ताई हसल्या. "लिहिलेलं नाही, हीच तर माझी तक्रार आहे. सोमवारपासून या."

त्या सोमवारपासून मी त्यांची शिष्या झाले. प्रोग्राममधला प्रत्येक बदल साठवताना सोबत एक टीप लिहायची असते, तिला आम्ही कमिट मेसेज म्हणतो. बहुतेक लोक तिथे 'किरकोळ बदल' लिहून मोकळे होतात. ताईंकडे ते चालत नसे. पहिल्या ओळीत काय केलं ते, आणि दुसरी ओळ 'कारण' या शब्दाने सुरू करायची. आमच्याबरोबर काम करणाऱ्या बाळकुमच्या नीलेशने एकदा कंटाळून लिहिलं, "कारण: ताईंनी सांगितलं." ताईंनी तो बदल तसाच परत पाठवला. "मी सांगितलं हे कारण नव्हे. मला तसं का वाटलं, ते येऊन विचार." नीलेश दोन दिवस धुसफुसला. नंतर मात्र नव्या मुलांना हाच नियम तो अशा थाटात सांगू लागला, जणू त्यानेच काढला होता.

ताई कडक होत्या, पण त्यांना आमची घरं माहीत होती. मी तेव्हा दिव्याला, एका चाळीत राहायचे. पाण्याची बोंब कायमचीच. एकदा सलग तीन दिवस नळ कोरडे, हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे, सकाळी डोंबिवलीला माझ्या घरी ये. आंघोळ कर, जेव. आणि धुवायचे कपडेही घेऊन ये, लाजू नकोस." मी खरंच पिशवीभर कपडे घेऊन गेलेले. त्यांच्या गॅलरीत माझ्या बाबांचे शर्ट वाळत होते आणि ताई मला आमटी वाढत होत्या, हे आजही आठवलं की डोळे भरून येतात.

त्यांच्या याच मायेचा फटका एकदा त्यांनाच बसला. एका संध्याकाळी आमच्या चाळीत टँकर येणार होता. मी घाईघाईने एक बदल केला, टीप लिहिली 'किरकोळ बदल', कारण लिहिलंच नाही. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "टँकर निघून जाईल, तू पळ. मी तपासून पुढे पाठवते." माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी ते वरवर पाहिलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून लहान मुलांच्या रक्ताच्या रिपोर्टवर मोठ्या माणसांच्या सामान्य प्रमाणाच्या मर्यादा छापल्या जाऊ लागल्या. कल्याणच्या एका डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. सगळे रिपोर्ट पुन्हा छापून घरोघर पोहोचवावे लागले. मालकांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "कोणी केलं हे?" माझ्या आधी ताई उभ्या राहिल्या. "माझ्या हातून पुढे गेलं. जबाबदारी माझी."

मी मान खाली घालून बसले. बाबांचं काम सुटलं होतं, घर माझ्या नोकरीवर चालत होतं. उद्या सांगू म्हटलं, मग परवा, मग गप्प बसायची सवयच झाली. पुढे वर्षभर ताईंचं प्रत्येक काम दुसऱ्या कोणीतरी तपासायचं, असा मालकांनी नियम केला. त्यांनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही.

गेल्या वर्षी प्रोग्राममधले बदल साठवायचा आमचा सगळा कारभार जुन्या प्रणालीतून गिट या नव्या प्रणालीवर न्यायचा ठरला. नीलेश म्हणाला, "ताई, जुना पसारा कशाला? आजचा प्रोग्राम उचलू नि निघू ना!" ताई म्हणाल्या, "घर बदललं म्हणून जन्मदाखले टाकून देतोस का रे?" सगळा इतिहास न्यायचा, बदल करणाऱ्यांच्या नावांसकट. जुन्या टिपा नव्या पद्धतीप्रमाणे नीटनेटक्या करू, असंही कोणी सुचवलं. त्यालाही त्यांनी नकार दिला. कोण काय म्हणालं, ते तसंच राहील. एका चाचणीत मराठी टिपांची सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं झाली, तेव्हा त्यांनी काम थांबवलं आणि शेवटची टीप वाचता येईपर्यंत पुढे जाऊ दिलं नाही.

जुन्या लॉगिनसमोर माणसाचं खरं नाव लिहायची यादी माझ्याकडे होती. यादीत जे नसेल, ते 'माजी कर्मचारी' या नावाखाली जमा होणार होतं. माझं पहिलं लॉगिन लग्नाआधीच्या आडनावाचं, आणि रिपोर्ट बिघडवणारा तो बदल त्याच्याखालीच होता. ते मी गाळलं. चुकून नाही, मुद्दाम.

ताईंनी यादी वाचली. "एक नाव राहिलंय," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घाई नाही, उद्या दुपारी बघू." दुसऱ्या दिवशी मी नाव लिहूनच त्यांच्यापुढे गेले. म्हटलं, "ताई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढला. "अगं, एका संध्याकाळपायी तू स्वतःचं दोन वर्षांचं काम बेवारस करायला निघाली होतीस. त्या लॉगिनखाली किती चांगलं काम आहे, ते कोणाचं म्हणायचं मग?" मी तिथेच रडले. माझी चूक लपवायच्या धांदलीत माझं चांगलं काम मला दिसलंच नव्हतं. त्यांना ते दिसत होतं.

ताईंच्या साठीनिमित्त निघालेला हा गौरवग्रंथ वाचणारे बहुतेक जण त्या काळातले सहकारी आणि लॅबवाले आहेत. तुम्ही आजही ताईंना त्या रिपोर्टांवरून चिडवता आणि त्या हसून सोडून देतात. आजपासून त्यांना चिडवू नका. ती चूक माझी होती.

ताई, आज तुम्ही साठीत पाऊल टाकता आहात. गुडघे कुरकुरू नयेत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमचं काम परत पाठवण्याइतकी ताकद हातात सदैव असो. तुमच्या नावावर पडलेलं एवढं एक ओझं मी आज माझ्या नावावर घेतलं आहे. आता हलक्या मनाने शंभरी गाठा.