कावळे येतात का?

गेल्या शुक्रवारी दुपारी, आखातात, अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अर्धवट भरलेल्या खोक्यांच्या मध्ये बसून मी जपानमधल्या तीन अनोळखी लोकांना एकच प्रश्न पाठवला... तुमच्याकडे कावळे येतात का?

मी इथे फारसं लिहीत नाही. पण हे लिहावंसं वाटलं.

माझी बायको मृणाल गेल्या नोव्हेंबरात गेली. कामाकुराला जायचं तिच्या फार मनात होतं. टोकियोजवळचं समुद्राकाठचं जुनं गाव, गल्लोगल्ली देवळं, उघड्यावर बसलेला मोठा बुद्ध... आधी कोविड आला, मग तिचं आजारपण.

यंदा आमच्याकडे फुटबॉलचा वर्ल्ड कप असल्यामुळे शाळांना लांब सुट्टी आहे, आणि जपानही नुकतंच पर्यटकांना खुलं झालंय. त्यात घरमालकाने फ्लॅट रिकामा करायला सांगितला, मॅचेस बघायला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचा म्हणून. मी ठरवलं, मुलगी इरा आणि आई, दोघींना घेऊन कामाकुराला जायचं. पण वर्षश्राद्धही नेमकं त्याच आठवड्यात येत होतं.

आईने स्पष्ट सांगितलं, "श्राद्ध नाशिकला होईल. हॉटेलात पान वाढतात का कुठे? तुम्हाला जायचं तर जा, माझं नाशिकचं तिकीट काढ."

तिच्या बोलण्यामागे काय आहे ते मला माहीत होतं. दहाव्याला गोदाकाठी कावळा शिवला नव्हता. आम्ही हात जोडून ताटकळत राहिलो, जे सुचेल ते कबूल केलं... शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यावर आई कधी एक शब्द बोलली नाही, पण ते तिच्या मनातून गेलेलं नाही. माझ्याही.

इरा बारा वर्षांची आहे. तिने दोनच वाक्यांत विषय संपवला, "आजी नाही तर मी पण नाही. खलास."

म्हणजे आता मला कामाकुरात अशी जागा हवी होती, जिथे आईला स्वयंपाक करता येईल आणि बाहेर उघड्यावर पान ठेवता येईल. व्हिसाच्या अर्जात राहण्याचा पत्ता लागतो आणि अपॉइंटमेंट रविवारी होती. तोवर जागा मिळाली नाही तर आईचं नाशिकचं तिकीट काढायचं, असं मी कबूल करून बसलो होतो.

पहिली जागा स्टेशनजवळची, सोयीची. दुसरी समुद्रासमोरची, मृणालने फोटो बघून मनात पक्की केलेली. तिसरी हासे नावाच्या भागात, देवळाजवळच्या गल्लीतलं जुनं घर. एक वयस्कर बाई वरचा मजला भाड्याने देतात.

स्टेशनवाल्यांचं उत्तर लगेच आलं. कावळ्यांचा अजिबात त्रास होणार नाही, कचऱ्यावर जाळी टाकलेली असते, निश्चिंत या. समुद्रवाल्यांनी तर आधी माफी मागितली आणि लिहिलं, आमच्या खिडक्या उघडतच नाहीत, त्यामुळे पक्षी आत येणार नाहीत.

मी आईला वाचून दाखवलं. "बघ," ती म्हणाली, "माणसांना बोलावतात आणि कावळ्यांना हाकलतात." ती आत जाऊन आपल्या साड्या वेगळ्या बॅगेत भरू लागली.

तिसरं उत्तर शनिवारी दुपारी आलं. 'कावळे येतात. पण आपण का विचारता?'

मी टाइप केलं, आमचा एक धार्मिक विधी आहे... आणि पुसलं. मग, कौटुंबिक कारण आहे... तेही पुसलं. मृणाल गेल्याचं वर्षभरात मी कुणालाच लिहून कळवलं नव्हतं. ऑफिसात एचआरने मेल केली होती, नातेवाइकांना भावाने कळवलं होतं. अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला...

"बाबा, जस्ट टेल हर," म्हणत इराने फोन घेतला, भराभर लिहिलं आणि मी बघायच्या आत पाठवूनही टाकलं.

"काय लिहिलं तिने?" आईने दारातून विचारलं. मी मराठीत सांगायला लागलो. 'माझी आई गेली. आम्ही तिच्यासाठी स्वयंपाक करतो आणि तो आधी कावळ्याने खायचा असतो. मागच्या वेळी तो आला नाही.'

शेवटचं वाक्य मला नीट सांगता आलं नाही. दहाव्याला आम्ही इराला नेलं नव्हतं. कावळा शिवला नव्हता ते तिला माहीत आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आई तिथेच खोक्यावर बसली. खाली रस्त्यावर झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. फोन तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला होता आणि आम्ही त्याच्याकडे बघत होतो. बाईंना हे विचित्र वाटलं असेल, आता त्या नाहीच म्हणतील, असं मी धरून चाललो होतो...

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. अंगणात पर्सिमनचं, केशरी गोड फळांचं झाड आहे, फळं पिकली की कावळे सकाळीच येतात. समुद्रावर मात्र खाणं ठेवू नका, घारी झडप घालून नेतात. स्वयंपाकघर लहान आहे, पण दोन शेगड्या आहेत. आणि शेवटी, 'तुझ्या आईला काय आवडायचं?'

"खीर आणि वडे सांग," आई म्हणाली.

"नो आजी, ते तुम्ही करता म्हणून ती खायची. तिला दहीभात आवडायचा. विथ चिप्स."

"चिप्स? श्राद्धाच्या पानावर?" आईचा आवाज चढला... मग तिने खोक्याची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवली. "बरं. कडेला ठेवू. मीठ कमी असलेले बघ."

मी ती जागा बुक केली. रविवारी व्हिसाच्या अर्जात तोच पत्ता लिहिला.

कावळा शिवेल की नाही, मला माहीत नाही. वर्षभर लोकांनी मला विचारलं... कसं झालं, कधी कळलं, आता पुढे काय. तिला काय आवडायचं, हे पहिल्यांदा त्या बाईंनी विचारलं. त्यांना अजून पाहिलंही नाही, पण भेटल्यावर आधी आभार मानायचे आहेत.