ब्युरेटमधला बुडबुडा

बारावीच्या सहामाहीनंतर रसायनाच्या साहेबांनी वर्गात सांगितलं की, यंदा बोर्डाच्या प्रात्यक्षिकांआधी ते रसायन आणि जीवशास्त्र या दोन्हींच्या प्रात्यक्षिकांची एक लेखी परीक्षा घेणार. उपकरणं नाहीत, ॲसिड नाही, नुसता कागद. वर्षभर प्रयोगशाळेत तुम्ही खरंच काय केलंत ते त्यातून कळेल, म्हणाले. जो नापास होईल त्याच्या जर्नलवर ते सही करणार नव्हते, आणि सही नसलेलं जर्नल घेऊन बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बसता येत नसे. म्हणजे वर्ष गेलंच. बाकीचा वर्ग खूश झाला. लिहायचंच तर आहे! मी मात्र घाबरले.

कारण लिहिण्याशिवाय मी वर्षभर दुसरं काही केलंच नव्हतं.

आमच्या टेबलावर आम्ही चौघी होतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या एका मुलीच्या ओढणीला ॲसिडने भोक पडलेलं मी पाहिलं आणि तेव्हाच ठरवलं की आपण लांब राहायचं. दहावीपर्यंत मी बडोद्यातल्या मराठी शाळेत होते, पण गुजराती अक्षर मात्र माझं छापल्यासारखं. त्यामुळे वही आपोआप माझ्याकडे आली. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबथेंब सोडायची आकडे कोरलेली उभी काचनळी, धरायची ती डभोईहून रोज गाडीने येणारी माझी मैत्रीण. उरलेल्या दोघी शंकूपात्र हलवायच्या आणि गप्पा मारायच्या. मैत्रीण आकडा सांगायची, मी लिहायची. आकडा वेडावाकडा आला तर मी तो सरळ करायची. शेवटी उत्तर काय यायला हवं हे आधीच्या वर्षाच्या जर्नलमधून ठाऊक असायचं, मग मी उलटा हिशेब करून तिन्ही रीडिंग एकसारखी टाकायची. त्याला मी टापटीप म्हणायची. जीवशास्त्रातही तेच. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड बघायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा मला स्वतःच्या पापण्यांशिवाय काही दिसलं नाही. 'दिसलं?' विचारल्यावर 'हो' म्हणाले आणि पुस्तकातल्या पेशी काढल्या, विटांच्या भिंतीसारख्या देखण्या.

परीक्षेआधीचे दोन आठवडे कसे काढले ते माझं मला ठाऊक. आम्ही प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगी फार्मसीला जाणार. त्यांच्याबरोबरचे लोक सायकलवरून जाता जाता मला विचारायचे, काय मग, औषधं कधी देणार? मी हसायची आणि घरात शिरून पुन्हा पाठांतराला बसायची. कोणत्या क्षाराला कोणता रंग, कोणता वायू, कोणता वास. सगळं तोंडपाठ होतं. पण प्रश्न जरा वेगळा आला तर? 'तुम्हाला काय दिसलं' असं विचारलं तर? या एका शंकेने मला जेवण जाईना.

शेवटी एक दिवस घरीच प्रयोग करायचं ठरवलं. वाटीत हळदीचं पाणी घेतलं आणि डोळ्यांत औषध घालायच्या ड्रॉपरने त्यात सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायला लागले. ड्रॉपर जास्तच दाबला गेला, एकदम पिचकारी उडाली आणि वाटी लालभडक झाली. आई मागे उभीच होती.

"हळद कशाला नासतेस गं? एवढं सुंदर जर्नल लिहिलंयस ने? साहेब सही नाही करणार तर काय करणार! चल, पानं घेतलीत."

तिचा तो विश्वास बघून मला आणखीच भीती वाटली.

पेपर हातात आला तेव्हा आधी जरा हायसं वाटलं. क्षार ओळखा, आकृती काढा, काळजी काय घ्याल ते लिहा. माझं पेन धावत होतं. मग शेवटचा प्रश्न. प्रयोग करताना तुमच्या हातून झालेली एक चूक लिहा. ती कशी लक्षात आली आणि रीडिंगवर तिचा काय परिणाम झाला? याला सगळ्यात जास्त मार्क होते.

माझ्या हातून चूक कशी होणार, हात लावला असता तर झाली असती! पुढच्या बाकावर मैत्रीण मान खाली घालून लिहीत होती. तिची पाठ बघता बघता मला एक दिवस आठवला. ब्युरेटच्या टोकात बुडबुडा राहून गेला होता आणि द्रावण सोडताना तो मध्येच निसटला. पातळी खाली गेली, पण तेवढं द्रावण पात्रात पडलंच नव्हतं, म्हणजे रीडिंग जास्त आलं. ती हळहळली होती, आणि मी 'असू दे गं' म्हणत आकडा सरळ केला होता. तीच चूक मी लिहिली. स्वच्छ अक्षरात, 'माझ्या हातून' असं म्हणून.

दोन दिवसांनी साहेबांनी आम्हा दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर आमचे दोन पेपर आणि दोन जर्नलं होती. दोन्ही पेपरांत एकच टेबल, एकच प्रयोग, एकच बुडबुडा.

"आ भूल कोनी?" साहेबांनी विचारलं. ही चूक कोणाची?

आयुष्यात पहिल्यांदा एखादी चूक आपली ठरावी म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

"मारी," मी म्हणाले.

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

साहेबांनी मला शांतपणे विचारलं की दुसऱ्यांदा ब्युरेट भरल्यावर बुडबुडा काढला कसा. मी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं, तोटी पूर्ण उघडून द्रावण जोरात सोडायचं. म्हणता म्हणता माझी नजर स्टँडवरच्या ब्युरेटकडे गेली. आमच्या ब्युरेटींना तोटीच नव्हती. खाली रबराची नळी आणि तिला चिमटा. वर्षभर हातभर अंतरावरून बघितलेली वस्तू, आणि मला ती आत्ता दिसली.

साहेब माझ्याकडे बघतही नव्हते. ते मैत्रिणीच्या हाताकडे बघत होते. मी बोलत असताना तिची बोटं आपोआप हलली होती, हवेतच नळी वर वाकवून चिमटा दाबल्यासारखी. त्यांनी तिचं जर्नल ओढलं आणि सही केली. माझं बंद करून बाजूला ठेवलं. सोमवारी एकटीने ब्युरेट भरून तीन रीडिंग घेऊन दाखव, मग बघू, म्हणाले.

सोमवारी मी ब्युरेट भरली आणि माझ्या देखण्या जर्नलमधले तिन्ही आकडे खोडून त्यांवर माझे वेडेवाकडे आकडे लिहिले. सही मिळाली. पण साहेबांनी बोलावलं त्या दिवशी प्रयोगशाळेतून निघाल्यावर सोमवारची भीती कुठल्या कुठे गेली होती. मैत्रीण शेजारून जिना उतरत होती. मला वाटत होतं तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात. तिने साहेबांना एका शब्दात सांगितलं असतं, तर मी कायमची खोटारडी ठरले असते. मी कशीबशी म्हणाले की माझं चुकलं, मी घाबरले होते.

ती खालच्या पायरीवर थांबली.

"जोईती'ती तो मागवी'ती ने," ती म्हणाली. चूक हवी होती तर मागायची होतीस. आणि मग अगदी साधेपणाने, जराही न हसता, "मारी पासे तो घणी हती." माझ्याकडे तर पुष्कळ होत्या.