भरलेला टोप

बायांनो, आज महाडच्या बाजारात माझ्याच सुनेनं मला गप्प केलं. मी कुणापुढं गप्प बसत नाय, तुम्हाला ठाऊकच हाय.

भातासाठी मोठा टोप घ्यायचा होता. घरात रोज दहा माणसं जेवतात. मी एक उचलला, टिचकी मारली, बूड जाड लागलं. "बांधून दे," म्हटलं. पोलादपूरची गाडी सुटायला आली होती.

सून म्हणाली, "दादा, आधी यात पाणी भरून द्या."

"गो, टोप घ्यायला आलोय का आंघोळीला?"

दुकानदार हसला, पण पाणी भरलंन त्यानं. सून म्हणाली, "आई, सांडशीनं उचला आणि पेज काढता तसा वाकडा करा."

अर्ध्यावरच मनगटात कळ आली. टोप सुटला, सगळं पाणी दुकानदाराच्या पायांवर!

सुनेनं दुसरा मागितला. बूड तेवढंच जाड, पण दोन्ही बाजूंना रुंद, पक्के ठोकलेले कान. भरलेला टोप मी दोन्ही हातांनी आरामात ओतला.

"मागं तुमच्या हातून भाताची पेज सांडली, तेव्हाच बघितलं होतं मी," ती हळूच म्हणाली.

मनगटाचं मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर स्वयंपाक माझ्या हातातून काढून घेतील, ही भीती. हिनं तो माझ्याच हातात ठेवला. हुशार हाय पोरगी, मान्य करते.

इतकी वर्षं मी भांडी रिकामीच उचलून घेतली. घरात रिकामा टोप चुलीवरून कोण उतरवतं? तुम्ही कशी बघून घेता, खरं सांगा.