सरकत्या कडीची पास

नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर मी कारकून होतो त्या वर्षांत लोखंड एकाच दिशेने प्रवास करी. ते बाहेरून येई. नांगराचे फाळ, वखराच्या पासा, कुऱ्हाडी, खिळे, बादल्या वॅगनमधून उतरत आणि पेठेत जात. इथून चढत त्या कापसाच्या गाठी, ज्वारी-तुरीची पोती आणि थोडी सरकी. वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चाले. तिकडून शेतकीची चित्रपत्रके येत. ती धक्क्याच्या भिंतीवर डकवणे माझ्याकडे होते. सुधारलेली अवजारे कुठे मिळतील ते चित्राखाली छापलेले असे. त्यात वऱ्हाडातल्या गावाचे नाव मी कधी वाचले नाही.

पुढे वर्तमानपत्राच्या नोकरीत मी उद्योगधंद्यांवर पुष्कळ लिहिले. त्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने होते, तेलाच्या गिरण्या होत्या, उद्घाटने होती. धक्क्यासमोरच्या भात्याबद्दल लिहायचे राहून गेले.

तो भाता एका मुसलमान लोहाराचा. माणूस चाळिशीचा. सुलतानपूरकडून बायको, ऐरण आणि दोन घण घेऊन बैलगाडीने आला आणि धक्क्याच्या कुंपणापलीकडे पत्र्याची छपरी भाड्याने घेऊन बसला. गावात त्याचे बलुते होते. गावकऱ्यांची अवजारे वर्षभर नीट ठेवायची आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा. पोट भरे, पण गावात जितके वखर तितक्याच पासा, एक जास्त घडवून उपयोग नव्हता. त्याने आपला हक्क पंचांसमक्ष धाकट्या भावाच्या स्वाधीन केला. असा सोडलेला हक्क परत मागायचा नसतो. नांदुऱ्यात जमले नसते तर त्याला गावी जाऊन भावाचा भाता ओढावा लागला असता. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले, बाजारभाव सांगावा तसे.

"अन् जमलं तर?" मी विचारले.

"जमलं तं तुमची रेल्वे लोखंड इकडून बी न्यायले शिकीन," तो म्हणाला.

वखराची पास म्हणजे दीड हात लांबीची धारेची लोखंडी पट्टी. ती जमिनीखालून सरकते आणि गवताची मुळे कापते. तिच्या दोन्ही टोकांना कड्या असतात आणि त्या वखराच्या दोन खुंट्यांत बसतात. खुंट्यांमधले अंतर गावचा सुतार नजरेने धरतो, त्यामुळे दोन वखर कधी सारखे नसतात. दुकानातली पास घेतली तरी ती गावच्या लोहाराकडे नेऊन, पुन्हा भट्टीत घालून कड्या जुळवून घ्याव्या लागत. भट्टीत गेली की तिचे पाणी, म्हणजे पोलादाला आणलेला कडकपणा, उतरे आणि धार महिनाभरात बोथट होई. ही तक्रार सगळा तालुका करी आणि सगळा तालुका त्याच पासा विकत घेई.

लोहाराचे पोलाद वेगळे होते. खामगावच्या रस्त्यावर मोटारी सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्या चाकांवरच्या कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, पाट्या मोडण्याचे काम तो रस्ता नियमाने करी. तुटक्या पाट्या तो भंगारातून उचली. त्यांना पाणी कसे द्यायचे, हे त्याला बापाकडून आले होते. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून तो हात उचली, आणि बायको त्या क्षणी भाता थांबवी. दोघांत बोलणे होत नसे.

पेठेतले लोखंडाचे एक दुकानदार, सगळे त्यांना शेटजी म्हणत, आपला माल सोडवायला धक्क्यावर येत. छपरीसमोर थांबल्याशिवाय ते पुढे जात नसत.

"काय मिस्त्री, मोटारीच्या हाडाची पास? बैलानं भोंगा वाजवला म्हंजे?"

"वाजवू द्या ना शेटजी. तुमच्या दुकानापुढून गेला की वाजवीन."

पहिली मोठी मागणी पिंपळगाव राजाहून आली. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याने बाजाराच्या दिवशी त्याची एक पास घेतली होती. महिनाभराने तो परत आला आणि आपल्यासाठी व भाऊबंदांसाठी म्हणून मिळून गाडीभर पासा सांगून गेला. माप सुतळीने पाठवायचे ठरले. गावोगाव हीच रीत होती. अंबाडीची सुतळी खुंट्यांना लावायची, दोन्हीकडे गाठी मारायच्या आणि सुतळी लोहाराला द्यायची. चौथ्या दिवशी सुतळ्यांचा जुडगा आला. प्रत्येक सुतळीला ज्याच्या-त्याच्या घरची चिंधी बांधलेली होती. नवरा-बायकोने वैशाखाचे तीन आठवडे दुसरे काम हाती घेतले नाही. पासा गाडीत भरून गेल्या.

आठव्या दिवशी ती गाडी जशीच्या तशी परत आली. दुपारची वेळ होती. मी धक्क्यावर पोती मोजून घेत होतो आणि दुकानदार आपल्या खिळ्यांच्या पेट्यांसाठी उभे होते. शेतकरी गाडीवरून उतरलाही नाही.

"मिस्त्री, माप मी वखराचं देल्लं होतं. तू हत्तीच्या वखराच्या करून ठेवल्या. एक बसत नाही. एक!"

"लहान की मोठ्या?"

"मोठ्या. बोट-बोट, दोन-दोन बोटं. कड्या खुंटीच्या बाहेर लटकू राह्यल्या."

दुकानदार हसले. "म्या म्हटलं नव्हतं का? मोटारीचं लोखंड आहे बाप्पा, धावते ते. रातून वाढलं अशीन."

लोहाराने आतून सुतळ्या आणल्या आणि एकेका पासेवर ताणून दाखवल्या. गाठ कडीच्या मधोमध येत होती. एकीतही फरक नव्हता.

"मंग सुतळी खोटं बोलते काय?" शेतकरी म्हणाला.

बायको भात्याजवळून उठली. तिने एक सुतळी पाणी द्यायच्या डोणीत बुडवली, पिळली आणि त्याच पासेवर धरली. गाठ कडीपर्यंत पोचली नाही. दोन बोटे अलीकडे राहिली.

"दादा, गाठी मारताना सुतळी ओली केली होती का?" तिने विचारले.

"मंग काय कोरडी बांधू? कोरडी अंबाडी गाठ धरते का कधी, बाई?"

चूक तिथे होती. अंबाडीची सुतळी भिजली की आखडते आणि वाळली की पुन्हा लांबते. गावात ती ओलीच लोहाराच्या हातात पडे आणि माप तिथल्या तिथे घेतले जाई. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या कोणाला काही कळले नव्हते. पिंपळगाव राजा ते नांदुरा हा अर्ध्या दिवसाचा वैशाखातला रस्ता सुतळ्यांनी गाडीत वाळत काटला होता. आपल्या गावाबाहेर पास विकायला निघालेल्या लोहारालाच ही चूक भेटणार होती. त्याच्या बापाला ती भेटणे शक्य नव्हते.

शेतकरी भला माणूस होता. पण मृग जवळ येत होता आणि वखरणी थांबली होती. त्याने पासा छपरीत उतरवल्या.

"आठ दिवस देतो मिस्त्री. नाही तं मले शेटजीच्या पासा घ्या लागतीन. भाऊबंद माह्यावर हसू राह्यले."

आठ दिवसांत त्या सगळ्या पासा तापवून कड्या नव्याने जोडणे दोन माणसांना शक्य नव्हते. जोडल्या असत्या तरी पाणी उतरले असते, प्रत्येकीला ते पुन्हा द्यायला दिवस उरले नसते, आणि मग त्यांच्यात व दुकानातल्या पासांत फरक राहिला नसता. दोन दिवस छपरीतून घणाचा आवाज आला नाही. पेठेत बोलणे सुरू झाले की सुलतानपूरवाला जातो आता. छपरीच्या मालकाने नवा भाडेकरू पाहून ठेवला, हेही मी ऐकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणाच्या अलीकडे येऊन एका उभ्या वॅगनसमोर बसला. आम्ही दार लावत होतो. वॅगनच्या दाराची कडी पट्टीवर सरकवायची, वरून लोखंडी पाचर ठोकायची, की दार हलत नाही. मी हे रोज पाहत होतो.

"बाबू, ही कडी पट्टीले जोडेल नाही?"

"नाही. सरकती आहे."

"मंग गाडी इतकी हालते, निघत काऊन नाही?"

"पाचर असते ना."

तो उठला आणि निघून गेला. तासाभरात छपरीतून घणाचा आवाज येऊ लागला. त्याने पासेच्या टोकांच्या कड्या तोडल्या आणि वेगळ्या, सरकत्या कड्या घडवल्या. पासेच्या पट्टीवर कडी हवी तिथे सरकवायची आणि पट्टी व कडी यांच्यामध्ये पाचर ठोकायची. पासेला भट्टी दाखवायची गरज उरली नव्हती. अंतर कितीही असो, तीच पास कोणत्याही वखराला बसणार होती.

पहिला प्रयत्न धक्क्यामागच्या पडीक जमिनीत झाला. एका गाडीवानाचे बैल मागून घेतले होते. वखर वीस पावले गेला आणि पाचर मातीत गळून पडली. पुन्हा ठोकली, पुन्हा पडली. गाडीवान म्हणाला, "मिस्त्री, पेरणी करू राह्यला का पाचरीची?"

बायको बांधावर उभी होती. ती वखराजवळ आली, पाचर हातात घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी मागून ठोकता. माती पुढून धक्का देते, ती बाहेरच काढीन ना तिले. पुढून घाला. निमुळती बाजू मागे. मंग मातीच ठोकत जाईन."

त्याने पाचर उलटी, पुढून घातली. बैल शेताच्या टोकाला जाऊन परत आले. वखर उचलला तेव्हा पाचर आणखी आत गेलेली होती. हाताने ओढून निघाली नाही. ती काढायला मागून घणाचा एक टोला द्यावा लागला. या जोडीने नांदुऱ्यात केलेल्या कामांत सगळ्यात मोलाचे काम मी या बदलाला समजतो. ते बांधावरून आले आणि त्याला चार-पाच वाक्ये लागली.

पासा रातोरात निघून सातव्या दिवशी उजाडताना पिंपळगाव राजाला पोचल्या. रविवार असल्याने मीही गाडीत होतो. दुकानदारही आपली एक नवी कोरी पास घेऊन स्वतःच्या दमणीतून, बसायच्या हलक्या बैलगाडीतून, आले होते. त्यांना गिऱ्हाईक जागेवरच पटवायचे होते. शेतकऱ्याने कुंदा या चिवट गवताने भरलेला काळ्या जमिनीचा तुकडा निवडला. कुंद्याची मुळे खोल जातात, दोरासारखी असतात आणि चांगल्या पासेची धार घालवतात. एका वखराला दुकानातली पास लावली, तिच्या कड्या गावच्या लोहाराने सकाळीच जुळवल्या होत्या. दुसऱ्याला सरकत्या कडीची. भाऊबंद बांधावर बसले.

पहिल्या काही फेऱ्यांत दोन्ही सारख्या चालल्या. ऊन चढले तशी दुकानातली पास कुंद्यावरून घसरू लागली. वखरावर एक माणूस उभा करावा लागला, मग दुसरा. तरी मुळे कापली जाईनात, नुसती वाकत होती. लोहाराची पास त्याच खोलीवर चालत राहिली. आणखी एक गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. पास लांब असल्याने ती कडीबाहेर दोन्हीकडे थोडी राहत होती आणि वखराच्या दोन फेऱ्यांमधली जी चिंचोळी पट्टी नेहमी न कापता सुटते तीही कापत होती. ज्या दोन बोटांवरून गाडी परत आली होती, ती दोन बोटे आता भाऊबंद बोटाने दाखवत होते.

दुपारी शेतकऱ्याने वखर उलटा केला आणि पाचर दोन्ही हातांनी ओढली. मग भावाला ओढायला लावली. मग दुकानदारांकडे पाहिले.

"शेटजी, या ना. तुमी बी जोर लावा."

दुकानदारांनी पाय रोवून खरोखरच जोर लावला. पाचर जागची हलली नाही. बांधावरची मंडळी हसली.

"निघत नाही बे," ते म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळले नाही. धोतर झटकून ते लोहाराजवळ गेले. "मिस्त्री, माह्या दुकानात ठेवशीन का?"

"ठेवीन. पण शेटजी, भट्टीत घालू देऊ नका कोणाले."

"तुह्या पासेले भट्टी लागतेच कुठी?"

सगळ्या पासा त्या संध्याकाळपर्यंत गावात वाटल्या गेल्या. ज्याच्या-त्याच्या वखराला त्या दारातच बसवल्या, मापाशिवाय. मृगाला वखरणी पुरी झाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात छपरीत तीन भाते होते आणि दोन माणसे सुलतानपूरकडची होती. सरकत्या कड्या फक्त बायकोच्या हाताखाली घडत. दुकानदारांनी मलकापूर आणि शेगावच्या आपल्या सोयऱ्यांना एकेक नमुना दाखवला आणि मागणी आली. मग एका सकाळी लोहार गोणपाटात बांधलेल्या पासांचे गठ्ठे घेऊन धक्क्यावर आला. मालाच्या पावतीवर मी 'शेतीची लोखंडी अवजारे' असे लिहिले. हे शब्द मी आवक पुस्तकात शेकडो वेळा लिहिले होते. जावक पुस्तकात त्या दिवशी पहिल्यांदा लिहिले.

"पाठवणाऱ्याचा गाव?" मी विचारले. पेठेत त्याला अजून सुलतानपूरवाला म्हणत. तो स्वतःही तेच सांगे.

बायको गठ्ठ्यांवर हात ठेवून उभी होती. उत्तर तिने दिले.

"नांदुरा लिवा, भाऊ. ठळक लिवा. माल परत आला तं इकडेच यायले पायजे."

"परत काऊन यीन?" लोहार म्हणाला.

हमालांनी गठ्ठे वॅगनमध्ये चढवले. दार ओढले, कडी सरकवली आणि पाचर ठोकली. लोहार पुढे झाला, त्याने ती पाचर एकदा हाताने ओढून पाहिली आणि गाडी सोडायला हरकत नाही असे मला सांगितले.