यादीत नसलेले गृहस्थ

"तुम्हाला काय करायचंय?" हे त्यांचं कुठल्याही प्रश्नाला ठरलेलं उत्तर. पाण्याचा टँकर कधी येणार असं विचारलं तरी आधी हे, मग वेळ. बँकेतून निवृत्त झालेले हे विधुर गृहस्थ कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे.

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्याही एकट्याच, मुलगा परदेशात. काचबिंदूने बाईंची नजर गेली तेव्हापासून हे रोज सकाळी अकराला पेपर घेऊन वर जायचे. दार सताड उघडं, चपला उंबऱ्याबाहेर. शब्दकोडं सुटेपर्यंतची भांडणं जिन्यात ऐकू यायची.

"अहो, आडवा पाच विचारला मी, तुम्ही उभा वाचताय."

"कोडं कोण वाचतंय? मी की तुम्ही?"

"मला दिसत असतं तर तुम्हाला कोणी बोलावलं असतं?"

नऊ वर्षं हे चाललं. कुजबुज तुमच्या इमारतीत होते तशी आमच्याकडेही झाली. एका सभासदाने लिफ्टमध्ये विचारलंच, "तुमचं आणि बाईंचं नक्की काय?"

"शब्दकोडं. तुम्हाला काय करायचंय?"

मग कोणीतरी मुलाला कळवलं. कोणी, ते मला माहीत आहे. तो माणूस अजूनही गणपतीच्या आरतीला सगळ्यांत पुढे असतो. मुलगा आला, आठ दिवसांत आईला धायरीच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, नको ते फोन येतात म्हणून तिचा मोबाइल काढून घेतला आणि भेटायला कोणाला सोडायचं याची यादी आश्रमाला देऊन विमानात बसला. यादीत यांचं नाव नव्हतं.

पहिल्याच रविवारी हे दोन बस बदलून गेले. गेटवर विचारलं, नातं काय? हे म्हणाले, शेजारी. भाऊ म्हणाले असते तर कदाचित आत गेले असते, पण खोटं बोलायचं नाही हा हट्ट. सोसायटीचं पत्र आणा, बघू, असं तिथे सांगितलं.

सोसायटीचा सेक्रेटरी मी. ते माझ्याकडे आले.

"दोन ओळी लिहून द्या. आमचे शेजारी आहेत, भले गृहस्थ आहेत. 'भले' खोडलंत तरी चालेल."

आणि मी काय म्हणालो? "कमिटीसमोर ठेवतो." आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांवर तीन पानी परिपत्रक काढणारा मी, मला दोन ओळी जड झाल्या. कमिटीने चहा प्यायला आणि मुलाची लेखी संमती आली तरच पत्र द्यायचं असा ठराव केला. मुलाचं उत्तर एका ओळीचं आलं: ते आमच्या घरातले नाहीत.

ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं." चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तरीही दर रविवारी ते जात राहिले. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेऊन तासभर बसायचे आणि परत यायचे. आठ महिने. नंतर एका सकाळी झोपेतच गेले. पुतण्या आला, फ्लॅटला कुलूप लावून गेला.

बाईंना निदान हे तरी सांगावं म्हणून मी धायरीला गेलो. वॉचमनने यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "जावा की आत, नाव हाय तुमचं."

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मुलाने ते पहिल्याच दिवशी घातलं होतं. मी कधी गेलोच नाही, मग कळणार कसं? आठ महिन्यांत एकदा आत जाऊन माझा फोन बाईंच्या कानाला लावला असता, तरी पुरलं असतं.

बाई कॉटवर बसल्या होत्या. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. माझी चौकशी वगैरे काही नाही. सरळ विचारलं, "ते का येत नाहीत हो? माझ्यावर रागावलेत का?"



"रागावलेत," मी म्हणालो, "पण तुमच्यावर नाही. माझ्यावर."