पडद्याचं पाणी

फ्युएल सेलच्या नळीच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतो, लोंबतो आणि पडता पडत नाही. हायड्रोजनपासून वीज होते, मागे पाणीच उरतं, हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तरी त्या थेंबाकडे बघत बसतो.

आज प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून वैदेही आली, माझीच जुनी विद्यार्थिनी. मुलांना हसत सांगत होती, "आतला पडदा कायम ओला लागतो रे. पीएचडी करताना माझा, मी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा वाळून चिरला. सर रोज पाणी घालत होते, मीच कुठेतरी गळती ठेवली असणार. अशा वेंधळीनं कसली पीएचडी करायची? सोडली."

वैताग आला स्वतःचा. त्या सुट्टीत मी तपासणी समितीच्या फायली सजवत बसलो होतो. एवढ्याशा ओलाव्यावर सगळं चालतं, हे वर्गात घसा फोडून सांगायचं, आणि प्रयोगशाळेचं कुलूपही उघडायचं नाही.

"गळती नव्हती गं," मी मुलांसमोरच म्हणालो. "मी पाणी घातलंच नव्हतं. खोटं बोललो."

तिनं पेन खाली ठेवलं.

"तेव्हा सांगितलं असतंत सर, तर मी पुन्हा सुरुवात केली असती."