पद्माकरकाकांची भरती

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या मराठी घरांत पद्माकर वाकणकरांना न ओळखणारं कोणी नव्हतं. पुण्याहून नवा इंजिनिअर येऊन उतरला की त्याला राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नेऊन पत्त्याची नोंद, म्हणजे आन्मेल्डुंग, करून देणार ते काका. मुलांना पाळणाघर शोधायचं, घरमालकाच्या पत्राचा अर्थ लावायचा, तरी काकाच. मोटारींच्या कारखान्यात तपासणी विभागात उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. जर्मन पासपोर्ट त्यांनी केव्हाच घेतला होता आणि जर्मन नियमही आवडीने पाळत आले होते.

बिघडलं ते दोडक्यावरून. भाड्याच्या बागेत त्यांनी दोडक्याचा मांडव घातला. बागवाल्या मंडळाची पाहणी झाली आणि मांडव नियमापेक्षा उंच भरला. पत्रापत्री झाली. शेवटी वेल फुलांवर असताना मांडव उतरवावा लागला. "वेल काय टेप लावून वाढतो?" असं काका भेटेल त्याला विचारत सुटले.

त्याच सुमारास 'मोकळा जिल्हा' ही चळवळ त्यांच्या कानावर आली. सरकार कमीत कमी असावं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपण होऊन पूर्वेकडच्या एका ओस पडत चाललेल्या जिल्ह्यात राहायला जायचं. माणसं वाढली की मतं आपली, स्थानिक कारभार आपला, नियम मोजके. सक्ती कोणावरच नाही. पुरेशी मंडळी जमली की आम्ही येऊ, एवढा लेखी शब्द फक्त द्यायचा. काकांनी तो दिला आणि आपल्या लोकांतून भरती करायचं कामही अंगावर घेतलं. तत्त्व त्यांना पटलं होतंच. पण म्हातारपणी त्या परक्या गावात आपलं म्हणावं असं कोणी नसेल, ही धास्तीही होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

भरतीची त्यांची पद्धत ठरलेली. फराळाला बोलवायचं. वसुधाकाकूंच्या चकल्यांची बशी अर्धी झाली की दोडक्याची हकीकत सांगायची आणि चहाबरोबर कागद पुढे करायचा. एकानेही नाही म्हटलं नाही. "हो, हो, काका, नक्की!" म्हणत मंडळी सही करत आणि चिवड्याचा डबा घेऊन घरी जात.

चळवळीच्या संघटक फ्राऊ ल्युडके थक्क झाल्या. "इतर गावांत लोक वर्षभर विचार करतात," त्या फोनवर म्हणाल्या. "गावातली बंद पडलेली शाळा आम्ही घरांसाठी घेतो आहोत. तुमची माणसं पक्की असतील तर ती सगळी तुमच्यासाठी राखून ठेवते. शनिवारी येऊन सगळ्यांना भेटते."

आपली माणसं एका छपराखाली! काकांनी मनातल्या मनात कोणाला कुठली खोली तेही ठरवून टाकलं.

शनिवारी बैठकीची खोली भरली. फ्राऊ ल्युडकेंनी चकली खाल्ली, वाखाणली आणि शेजारी बसलेल्या यशोधनला सरळ विचारलं, "आल्झो, तर मग तुम्ही कोणत्या महिन्यात येणार?"

यशोधन म्हणाला, "म्हणजे... बघू. शाळा आहे मुलीची."

"शाळा संपल्यावर?"

"मग माझं प्रोजेक्ट आहे."

बाईंनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. क्षितिजा एकदम मराठीत काकांकडे वळली. "काका, रागावू नका हं. आम्हाला कुठंच जायचं नाहीये."

"अगं, मग सही कशाला केलीस?"

"तुम्हाला नाही कसं म्हणायचं? आम्ही नवीन होतो, मला दिवस गेलेले, तेव्हा बर्फातून डॉक्टरकडे कोणी नेलं? वर काकूंच्या चकल्या खाऊन तोंडावर नाही म्हणू?"

कोणी हसलं, कोणी चहात बघत राहिलं. काकांनी एकेकाचा चेहरा पाहिला. ज्याच्या-त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं. त्यांना कळलं की मोकळेपणासाठी म्हणून त्यांनी जी माणसं जमवली होती, ती सगळी भिडेपोटी आली होती.

फ्राऊ ल्युडके विचारत होत्या, काय झालं? काकांनी कपाळ पुसलं आणि जर्मनमध्ये सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग उठून ज्याचा कागद त्याच्या हातात दिला. "ज्याला मनापासून यायचंय त्याने आपल्या हाताने पोस्टात टाकावा. आणि नाही टाकलात तरी फराळ संपवून जायचं. ही मात्र सक्ती आहे."

मंडळी गेली. बाई स्टेशनवर गेल्या. शाळेचं पुढे काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनीही तो विषय काढला नाही.

वसुधाकाकू बशा गोळा करत होत्या. काका म्हणाले, "बघितलंस? एकजणही येणार नाही. आता आपण दोघंच."

"दोघं?" काकूंनी बशा खाली ठेवल्या. "अहो, मला कधी विचारलंत?"

"तुला काय विचारायचं त्यात?"

"गावभर विचारत फिरलात, चकल्या मी तळल्या, आणि मला विचारायचं राहिलं. माझा मंगळवारचा गाण्याचा गट इथे आहे, खालच्या फ्राऊ क्नॉप माझ्याशिवाय दवाखान्यात जात नाहीत. आत्ता विचाराल तर नाही म्हणते."

काका खुर्चीत बसले. संबंध दिवसात त्यांना फराळ किंवा उपकार मध्ये न आणता मिळालेलं हे पहिलं उत्तर होतं, आणि ते नेमकं नको तेच होतं.

"बरं," ते म्हणाले. "मग कसं केलं तर तू विचार करशील?"

काकूंनी पदराला हात पुसले. "थंडीत राहून बघू. उन्हाळ्यात सगळीच गावं गोड दिसतात. तोवर तुमचाही कागद परत घ्या."

काकांनी फोन लावला. फ्राऊ ल्युडके अजून गाडीतच होत्या. काकांनी आपलं नाव मागे घेतलं आणि हिवाळ्यात दोघांसाठी एक खोली भाड्याने मिळेल का, असं विचारलं. "दक्षिणेकडे खिडकी असलेली बघा. माझ्या बायकोला थंडी सोसत नाही."

"आणि सांगा," काकू मागून म्हणाल्या, "नाही आवडलं तर मी परत येणार. तुम्ही राहा हवं तर."

तेही काकांनी शब्द न गाळता बाईंना सांगितलं.